भेंड्या खेळत अस्वलांच्या मुलखात

जंगलात शिरलं की तोंड बंद ठेवायचं, हे आम्हा विदर्भातल्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. ताडोब्यात जिप्सीत कुणी जरा मोठ्याने बोललं तर गाइड मान वळवून बघतो. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये सगळा कारभार उलटा. तिथे रेंजर बजावतात : बोला, गा, टाळ्या वाजवा, आंधळ्या वळणावर तर ओरडाच. ग्रिझली, म्हणजे तिथलं मोठं तपकिरी अस्वल, सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, पण बेसावध असताना अगदी जवळ माणूस दिसला तर बिथरतं. आपल्याकडचं अस्वल काय वेगळं? उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहफुलं वेचणाऱ्यांवर हल्ले होतात, ते असेच अचानक गाठ पडल्यामुळे.

सोबत सिएटलचा पुतण्या होता. पार्कजवळच्या कॅलिस्पेल गावात त्याने आधी अस्वलाला पळवायच्या स्प्रेचा डबा घेतला. हा डबा विमानात नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही, त्यामुळे घ्यायचा तो तिथेच. आत मिरचीतलाच तिखट घटक, कॅप्सेसिन. फवारा जेमतेम 9 मीटर जातो आणि काही सेकंदांत डबा रिकामा होतो. म्हणून तो सॅकमध्ये नाही, कमरेला लावायचा. "एवढे डॉलर मोजण्यापेक्षा भिवापुरी मिरची कुटून आणली असती," हे आमच्या सौ.चं मत.

मेनी ग्लेशियर भागातून आइसबर्ग लेकची वाट निघते. जाऊन-येऊन साधारण 15-16 किलोमीटर, चढ बेताचा, पण दोन्ही बाजूंना झुडपं आणि त्यांत हकलबेरीची रानफळं. ऑगस्टमध्ये अस्वलं थंडीच्या झोपेआधी चरबी साठवायला दिवसभर खात असतात, त्यामुळे ही वाट त्यांची आवडती. नुसतं "हे बेअर" ओरडून थोड्या वेळात कंटाळा आला. मग आम्ही गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. समोरून येणारे लोक हसून बाजूला व्हायचे. सौ.चा आवाज असा खणखणीत लागला होता, की या खोऱ्यात एकही अस्वल शिल्लक नसणार अशी माझी खात्री पटली.

टार्मिगन धबधब्याच्या अलीकडे पुतण्या म्हणाला, "काका, थांबा. पळू नका." उताराच्या बाजूला, शंभरेक मीटरवर, झुडूप हलत होतं. मग पाठ वर आली. रंगावर जाऊ नये म्हणतात ते खरं, कारण 'काळं अस्वल' नावाच्या तिथल्या दुसऱ्या जातीतली अस्वलं तपकिरीही असतात. पण खांद्यावरचं वशिंड स्पष्ट होतं : ग्रिझली. ते फांद्या पुढच्या पायांनी ओढून ओठांनी फळं ओरबाडत होतं. आमच्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा खायला लागलं. एवढा अपमान बरा वाटला!

पुतण्याने स्प्रेची क्लिप काढून हातात धरली. आम्ही एकत्र राहिलो, हळू आवाजात मराठीतच बोलत मागे सरकलो. धावण्यात अर्थ नाही, ते ताशी 50 किलोमीटरहून जास्त वेगाने धावू शकतं. मागून आलेल्यांनाही थांबवलं. बऱ्याच वेळाने ते उतारावर दिसेनासं झालं, तेव्हा आम्ही सगळे मिळून गलका करत पुढे निघालो.

इथले नियम इतके कडक का, त्याचं उत्तर 1967 मध्ये आहे. 12-13 ऑगस्टच्या रात्री याच पार्कात, दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या ग्रिझलींनी 19 वर्षांच्या दोन मुलींना मारलं. त्यातल्या ग्रॅनाइट पार्क शॅले या डोंगरातल्या विश्रामगृहापाशी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी अस्वलांना खरकटं घातलं जायचं. त्यानंतर कचरा आणि अन्नाबाबतचे नियम आवळले गेले. आमच्या डब्यातल्या दशम्या-चटणीचा कागदसुद्धा आम्ही पिशवीत बांधून परत आणला.

तलावात ऑगस्टमध्येही बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि काही उत्साही लोक त्यात उड्या मारत होते. उतरताना एक रेंजर भेटली. अस्वल कुठे दिसलं, सोबत पिल्लं होती का, आमच्याकडे बघून ते काय करत होतं, सगळं तिने विचारून टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर 'बंद'ची पाटी लागली. आम्ही ग्रिनेल हिमनदीकडे निघालो, आणि तिथे वाट अडवली ती रानमेंढ्यांनी. ते पुढच्या भागात.