सर्वांना खुली, पण कोणती शाळा?

शिक्षणातल्या समतेविषयी बोलताना आपण बहुधा १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात काढलेल्या मुलींच्या शाळेपासून सुरुवात करतो आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यापाशी येऊन समाधानाने थांबतो. मला मात्र मुंबई सरकारचा १८५८ चा एक ठराव अधिक बोलका वाटतो.

त्याची पार्श्वभूमी तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडची. १८५६ मध्ये तिथल्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. तक्रार मुंबईला आली, तेव्हा मुलावर अन्याय झाल्याचे सरकारने मान्य केले. परंतु एकासाठी शाळा ओस पडेल, असे सांगून हात झटकले. दोन वर्षांनी आलेल्या ठरावात, केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या मुलांना खुल्या राहतील, असे जाहीर झाले. ज्या शाळांच्या खर्चात स्थानिक देणगीदारांचा वाटा आहे आणि त्यांची हरकत आहे, तिथे मात्र सरकार आग्रह धरणार नव्हते. अशा शाळांचे अनुदान रोखण्याचा अधिकार तेवढा त्याने राखून ठेवला. समतेची मर्यादा शाळेचा खर्च कोण करतो यावरून ठरवण्याची रीत इथे दिसते, आणि ती अजून मोडलेली नाही.

या ठरावाचा लाभ झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डॉ. आंबेडकर मुंबईच्या ज्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झाले, ती सरकारी शाळा होती. पण त्याआधी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत असे, म्हणजे सरकारी शाळेतही प्रवेश मिळाला तरी शेजार मिळत नव्हता.

पैशाचा प्रश्न त्याहून जुना आहे. वरच्या वर्गाला शिकवावे, म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, या धोरणावर जोतीरावांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे नेमके बोट ठेवले: महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या जातींच्या शिक्षणावर. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. विठ्ठलभाई पटेलांच्या १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना अशी सक्ती करण्याची मुभा दिली. मुभाच दिली, बंधन घातले नाही.

आता आजच्या मुंबईत येऊ. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांचे अर्ज सुरू झाले की आमच्या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानात आईवडिलांची रांग लागते. एक लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, जन्मदाखला एवढे जमवून झाल्यावर दुकानदार नकाशावर घराची खूण ठेवतो, कारण शाळेपासूनच्या अंतरावर सगळे अवलंबून असते. चाळीतल्या खोलीची खूण जरा सरकली तर शाळांची यादी बदलते. मग सोडत, आणि मोबाइलवर संदेश येण्याची वाट.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला आणि सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर विनाअनुदानित खाजगी शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबईत अशी शाळा एक किलोमीटरच्या आत नसेल तरच नवल. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला, हे बरे झाले. मात्र २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेरच आहेत, आणि मुंबईतल्या कित्येक नामवंत शाळा अशाच संस्थांच्या आहेत. घटनेने अल्पसंख्याकांना दिलेला हक्क मला मान्य आहे. पण भरमसाठ शुल्क घेणारी शाळा त्याच्या आड उभी राहते, तेव्हा समोरच्या वस्तीतल्या पालकाला त्या यादीत तिचे नावही दिसत नाही. १८५८ च्या सरकारपाशी निदान अनुदान रोखण्याचा अधिकार तरी होता. इथे रोखायला अनुदानही नसते. उरते महापालिकेची शाळा, आणि पालिकेने सुरू केलेल्या सीबीएसईच्या मोजक्या शाळांत प्रवेश हवा, तर तिथेही सोडतच.