मिउराच्या पापण्या

दुपारी झोप येत नसली की जुन्या गाड्यांच्या लिलावाचे कॅटलॉग चाळावेत. घ्यायचं काहीच नसतं, त्यामुळे मन निर्मळ असतं. लॅम्बोर्गिनी मिउरा या साठच्या दशकातल्या इटालियन स्पोर्ट्स कारचं पान आलं की नजर आधी किमतीवर जात नाही, पापण्यांवर जाते. आहेत का?

पापण्या म्हणजे हेडलाइटच्या वर आणि खाली बसवलेल्या काळ्या पट्ट्यांच्या झालरी. बंद असले की दिवे आभाळाकडे बघत पडून असतात, लावले की जरासे उठतात. पापण्यांचा उपयोग काय, असं विचारू नये. मजा म्हणजे हे दिवे फियाट ८५० स्पायडरचे, अगदी साध्या गाडीचे. गाड्यांची रूपं घडवणाऱ्या बेर्तोने कंपनीच्या मार्चेल्लो गांदिनींनी त्यांना झालर लावली आणि बघणारे आजतागायत तिथेच अडकलेत. गांदिनी तेव्हा २७ वर्षांचे. यंत्राची बाजू लॅम्बोर्गिनीच्या दाल्लारा आणि स्तान्झानी या इंजिनिअरांकडे, गाडी पळवून बघायचं काम बॉब वॉलेसकडे. चौघेही तिशीच्या आतले, आणि गाडीत ते जागोजागी दिसतं.

नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात नुसती चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, मांडली होती, वजन कमी करण्यासाठी पत्र्याला भोकंच भोकं पाडलेली. मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पूर्ण गाडी. उंची जेमतेम १०५ सेंटिमीटर. ३९२९ सीसीचं १२ सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे, तेही आडवं. ही कल्पना दाल्लारांनी ब्रिटिश मिनीवरून उचलली. जागा वाचवायला इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव घरात बसवले आणि दोघांना तेलही एकच दिलं. गिअर घासून निघालेला धातूचा कीस त्याच तेलातून बेअरिंगपर्यंत फिरतो. म्हणून तेल बदलताना जुन्या तेलात चुंबक फिरवून बघतात: बारीक राखाडी लेप चालतो, बोटाला टोचणारे कण मात्र नकोत. पुढे आलेल्या सुधारित एसव्ही मॉडेलच्या शेवटच्या गाड्यांत दोन्ही तेलं वेगळी झाली.

खरी बदनामी आगीची. इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण पुरवणारे वेबर कंपनीचे चार कार्ब्युरेटर, प्रत्येकी तीन नळ्यांचे, मूळचे शर्यतीसाठीचे. शर्यतीत पाय दाबलेलाच असतो. सिग्नलला गाडी गुरगुरत उभी राहिली की न जळलेलं पेट्रोल नळ्यांत साचतं, ओव्हरफ्लो होतं, आणि हिरवा दिवा लागल्यावर कुणी हौसेने रेस दिली की उलटा फटका येतो. रॉकेलचा स्टोव्ह पुरता तापायच्या आत पंप मारल्यावर व्हायचा तसला भडका. फक्त इथे तो डोक्यामागे काचेपलीकडे होतो. जाणकार मेकॅनिक म्हणून आधी साचलेलं पेट्रोल बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या आहेत का ते बघतो. मग कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची, म्हणजे तरंगत्या डबीची, पातळी, मग पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह. रबरी होज वरून धडधाकट दिसले तरी बदलायचे, कारण हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर आतून खातं. ट्यूनिंगला हात घालायचा तो व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि इग्निशन नीट झाल्यावरच. मग बाराही तोंडांवर हवा मोजायचं मीटर एकेक करून धरायचं आणि आकडे सारखे आणायचे. हे उलट्या क्रमाने केलं की अख्खा दिवस जातो आणि मिसिंग तसंच राहतं.

पेट्रोलची टाकी पुढच्या बाजूला. ती रिकामी होत आली की नाक हलकं होतं आणि भन्नाट वेगात उचलू लागतं. तेव्हा स्टिअरिंगमधला जीव जातो. याबद्दल लिलावाच्या कॅटलॉगमध्ये अक्षर नसतं.

एकूण साडेसातशेच्या वर मिउरा बनल्या. १९७१ ची एसव्ही सर्वांत महाग. ताकद ३५० वरून ३८५ हॉर्सपॉवरवर गेलेली, मागचे टायर रुंद, मडगार्ड फुगीर, आणि पापण्या गायब. भाव एवढा चढा, की पूर्वी साध्या मिउरांना एसव्हीचे कपडे चढवून दिलेले आहेत. म्हणून घेणारा चेसी नंबर आणि इंजिन नंबर कंपनीच्या जुन्या नोंदींशी ताडून बघतो. लॅम्बोर्गिनीचा जुन्या गाड्यांचा पोलो स्तोरिको विभाग तसं प्रमाणपत्र देतो. रंग चकचकीत असून भागत नाही. पुढचं आणि मागचं अख्खं झाकण ॲल्युमिनियमचं, मधली केबिन पोलादी. रंगाखाली पोचे बुजवलेली पुट्टी शोधायला चुंबक घेऊन गेलेलं गिऱ्हाईक झाकणापाशी फसतं, कारण तिथे चुंबक चिकटतच नाही. रंगाची जाडी मोजणारं, ॲल्युमिनियमवर चालणारं यंत्र लागतं. चुंबक चालवायचा तो दाराखालच्या पत्र्यावर. गंज आतून सुरू होतो आणि पोकळ चेसी कुजली की दाराची फट वर एक, खाली दुसरी दिसायला लागते.

हे सगळं कळूनही एसव्हीच घ्यावी, असं कुणीही शहाणा सांगेल. तीच जास्त चांगली गाडी आहे, यात वाद नाही. पण तिच्या तोंडाकडे बघितलं की नुकतीच झोपेतून उठवल्यासारखी वाटते. आपल्याला बुवा पापण्यावालीच. कोट्यवधींचा मामला आहे, आणि तसंही आपल्याला कोण विचारतंय.