पेलिकनच्या झोळीत काय भरायचं?

6 जानेवारी उजाडला की अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये घरांच्या कठड्यांवर जांभळ्या, हिरव्या आणि सोनेरी झालरी चढतात. मार्डी ग्राचा, म्हणजे इथल्या कार्निव्हलचा, हंगाम सुरू होतो. 1857 साली इथे मशालींच्या उजेडात रथ निघाले आणि तेव्हापासून मिरवणुकांची ही परंपरा टिकून आहे. आपण ज्याला चित्ररथ म्हणतो त्याला इथे फ्लोट म्हणतात. त्यावर उभी असलेली माणसं खालच्या गर्दीकडे मण्यांच्या माळा फेकतात आणि मुलं हात उंच करून ओरडत असतात, “मिस्टर, माझ्याकडे टाका काहीतरी!”

माझी लेक दुसरीत आहे. सुट्टी लागण्याआधी शाळेची स्वतःची छोटी मिरवणूक निघते. प्रत्येक वर्गाला एक लाल, चार चाकांची ओढगाडी मिळते आणि तिचा फ्लोट करायचा असतो. यंदा मदतीला मी गेले होते.

पहिल्या दिवशी फळा भरून गेला. मगर, गम्बो (इथलं दाट सूप), फुटबॉल, डायनासोर, कोणाची तरी मांजर. बाईंनी काहीच खोडलं नाही. एवढंच विचारलं, “गाडी लोकांसमोरून दहा सेकंदांत निघून जाणार. तेवढ्यात त्यांना काय कळायला हवं?” मुलं गप्प झाली. मग एकाने वर्गातल्या झेंड्याकडे बोट केलं. आमच्या लुइझियाना राज्याच्या झेंड्यावर पेलिकन आहे, पिल्लांना भरवणारी आई. मराठीत या पक्ष्याला झोळीवाला म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा तो शब्द म्हणून बघायला सगळे पुढे सरसावले. ‘ळ’ दोघांनाच जमला.

पेलिकन ठरला तशी बाईंनी त्याची गोष्ट सांगितली, आणि मला वाटतं आमचा फ्लोट खऱ्या अर्थाने तिथेच तयार झाला. तपकिरी पेलिकन 1966 साली राज्यपक्षी झाला, पण तेव्हा राज्यात तो उरलाच नव्हता. डीडीटीसारखी कीटकनाशकं पाण्यातून माशांत गेली, माशांतून पक्ष्यांत. डीडीटीमुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आई उबवायला बसली की अंडी फुटायची. 1968 पासून फ्लोरिडाहून पिल्लं आणून इथे सोडली, तेव्हा कुठे थवे परत दिसू लागले. 2009 मध्ये तो संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात तेल सांडलं. सात वर्षांची मुलं हे सगळं हालचाल न करता ऐकत होती.

आता लोकांना द्यायला पेलिकनच्या चोचीखालच्या झोळीत काय भरायचं? मी घरून मण्यांच्या माळांची पिशवी नेली होती. माझ्या शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, “पण माशांमुळेच तो मेला होता ना? मग आपण त्याच्या तोंडात प्लॅस्टिक कसं घालायचं?” 2018 साली या शहराने गटारं उपसली तेव्हा 93 हजार पौंड, म्हणजे सुमारे 42 हजार किलो मणी निघाले होते. मला तो आकडा माहीत होता, तरीही मी पिशवी घेऊन गेले होते. ती मी खुर्चीखाली सरकवली. मुलांनी ठरवलं, कागदाचे मासे करायचे आणि प्रत्येक माशावर आपलं नाव लिहायचं.

पक्षी केला तो वर्तमानपत्र आणि खळीच्या लगद्याचा, आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचा सांगाडा. मान सुरेख उंच झाली, पण इथल्या फुटपाथांवर ओक झाडांची मुळं फरशा वर उचलतात. चाचणीला पहिल्याच उंचवट्यावर गाडी कलली आणि चोच जमिनीला टेकली. एक मुलगी रडायला लागली. दोघा-तिघांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि एकाने सांगितलं, “वर जड आहे, खाली हलकं आहे.” मग पाण्याच्या भरलेल्या बाटल्या तळाशी ओळीने रचल्या आणि मान चार इंच कापली. मी फक्त कात्री धरली. खालच्या चोचीला सुतळी बांधली होती. ती ओढली की झोळी उघडायची, आणि सुतळी ओढायची पाळी कोणाची यावर मात्र दोन दिवस वाद झाला.

मिरवणुकीच्या दिवशी पुढे मोठ्या मुलांचा बँड, मागे आमचा झोळीवाला. लोक ओसरीवर खुर्च्या टाकून बसले होते. एका कोपऱ्यावर एक आजोबा उठून उभे राहिले. म्हणाले, “मी शाळेत होतो तेव्हा हा फक्त झेंड्यावर होता.” बाईंनी गाडी थांबवली. सुतळी ओढली गेली, मासे ओतले गेले. आजोबांनी एक उचलला, चष्मा वर करून त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं. ज्या मुलीचं ते नाव होतं, ती ओळ सोडून त्यांच्याकडे धावत गेली.