कन्स्ट्रक्टरमधून बोलावलेली व्हर्च्युअल मेथड
व्हर्च्युअल मेथडची कल्पना ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी ओस्लोमध्ये घडवलेल्या सिम्युला ६७ या प्रोग्रामिंग भाषेतून सी प्लस प्लस या भाषेत आली. वस्तूचा खरा क्लास, म्हणजे ती ज्या साच्यातून बनली तो, प्रोग्राम चालू असताना पाहून त्याची मेथड, म्हणजे त्यात लिहिलेली कृती, चालवायची, हे तिचे काम. मला मात्र यात सर्वांत रोचक वाटतो तो कन्स्ट्रक्टरचा, म्हणजे वस्तू तयार होताना चालणाऱ्या कोडचा, प्रश्न.

मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल मेथड बोलावली, तर सी प्लस प्लसमध्ये मूळ क्लासचीच आवृत्ती चालते, कारण वारस क्लासचा (मूळ क्लासवरून बनवलेल्या क्लासचा) भाग तोवर तयार झालेला नसतो आणि भाषेच्या नियमानुसार ती वस्तू त्या क्षणी मूळ क्लासचीच असते. जावामध्ये त्याच ठिकाणी वारस क्लासने ओव्हरराइड केलेली, म्हणजे नव्याने लिहिलेली, मेथड चालते आणि त्या क्लासची घोषणेतच किंमत दिलेली फील्डसुद्धा (वस्तूत माहिती ठेवण्याच्या जागा) तिला सहसा शून्य किंवा नल, म्हणजे रिकामी, दिसतात. सी शार्पमध्येही वारसाचीच मेथड चालते, पण घोषणेतील किमती मूळ कन्स्ट्रक्टरच्या आधीच भरल्या जात असल्यामुळे त्या तिला दिसतात. वारसाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये दिलेल्या किमती मात्र दिसत नाहीत.

माझ्या मते सी प्लस प्लसचा नियम अधिक प्रामाणिक आहे, जरी तिथेही प्युअर व्हर्च्युअल मेथड (जी वारसांनीच लिहावी म्हणून ठेवलेली असते) अशी बोलावल्यास प्रोग्रामच्या वर्तनाची कोणतीही हमी उरत नाही.