तुम्ही विचारलंत म्हणून: "कुठली थेरपी दिलीत?"

थेरपी सेंटरच्या बाकड्यावर बसलं की कोणी ना कोणी विचारतंच, "ताई, तुमचा मुलगा वॉकर घेऊन चालतो, कुठली थेरपी दिलीत त्याला?" खरं सांगू, थेरपीचा नंबर बराच खाली लागतो.

आमच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (सीपी), म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्यामुळे हालचालीला अडचण. 32व्या आठवड्यात झालेला, दोन्ही पाय कडक, त्याला स्पास्टिक डायप्लेजिया म्हणतात. सीपीत हालचालीच्या 5 लेव्हल धरतात, त्या मोजपट्टीला जीएमएफसीएस म्हणतात, पहिली सगळ्यात सौम्य, पाचवी सगळ्यात अवघड, त्यात हा तिसरीत. कॅनडात 650च्या वर मुलांना काही वर्षं तपासत राहून 2002 साली आलेख छापले, त्यात दिसतं की पहिल्या लेव्हलचं मूल आपल्या कुवतीची 90 टक्के मजल साधारण पाचव्या वर्षापर्यंत मारतं, पाचव्या लेव्हलचं पावणेतीनपर्यंतच. म्हणजे मेंदूला इजा किती, यावरच बरंचसं ठरतं. हे आधी कळलं असतं तर दुसऱ्यांच्या मुलांकडे बघून घरी येऊन रडले नसते, त्यांची लेव्हलच वेगळी.

आता उरलेलं. दीड वर्षाचा असताना याचं वजन 7 किलो. भरवायला सव्वा तास, मांडीवर आडवा, मान मागे, चमच्यागणिक ठसका, आणि मी वेडी वरण-भातात पाणी घालून अजून पातळ करतेय. ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून देतात ती) मॅडमनी खुर्चीत सरळ बसवला, हनुवटी जराशी खाली, घास घट्ट कालवला, चमचा समोरून. ठसका नाही! (प्रत्येकाचं गिळणं वेगळं असतं हं, आधी दाखवून घ्या.) पोटात अन्न जायला लागल्यावर पोरगं थेरपीत रडून झोपायचं थांबलं.

मग चष्मा. अडीच वर्षं सगळे म्हणत होते लक्षच देत नाही. चष्मा लावला तर आधी पंख्याकडे बघत बसला आणि मग खिडकीतल्या कावळ्याकडे हात केला, तोच हात जो उचलावा म्हणून आम्ही सहा महिने मागे लागलो होतो.

फिट्स याला नाहीत, ते नशीब. व्यायामाचं म्हणाल तर आम्ही नुसते पाय ओढत बसणं कमी केलं, बादलीतला मग स्वतः उचल, चप्पल स्वतः काढ, असलं रोजचं काम करायला लावलं. आजीला ते क्रूर वाटायचं.

परवा खुब्याचा एक्स-रे आहे, दरवर्षी काढतो, खुबा सरकायला लागला तर दुखायच्या आधी कळतं. तुमच्याचा काढलाय का कधी?