आमची वाटचाल: बॅचवाल्या मॅडम

आमचं पहिलं व्हिजिटिंग कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे. नावाखाली एसएपीची, म्हणजे कंपन्यांचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची, सहा मॉड्यूल्स: एमएम (खरेदी आणि साठा), एसडी (विक्री), पीपी (उत्पादन), क्यूएम (दर्जा तपासणी), डब्ल्यूएम (गोदाम) आणि, सांगायला लाज वाटते, एफआय (हिशोब). एफआयमधलं मला व्हेंडरचं खातं कसं उघडतात एवढंच धड माहीत होतं. पण पुण्यातली ऑटो पार्ट्सच्या कंपनीतली दहा वर्षांची नोकरी सोडून रत्नागिरीत बसायचं, तर येईल ते काम घ्यायचं, असा हिशोब होता.

२०२१ च्या सुरुवातीला फर्मची नोंदणी केली. मे महिन्यात तौक्ते आलं, वीज गेली. शेजाऱ्यांच्या जनरेटरवर लॅपटॉप चार्ज करून मी एका एजन्सीची एसडीची तिकिटं, म्हणजे अडचणींच्या तक्रारी, सोडवत बसले होते. एजन्सीच्या यादीत मी म्हणजे 'एमएम-एसडी, दहा वर्षं' ही एक ओळ. तशाच ओळी खंडीभर, त्यामुळे दरात घासाघीस आणि पैसे तीन महिन्यांनी. मार्च एंडला एका ठिकाणी जीएसटीचा टॅक्स कोड भलत्याच खात्याला बांधला. दोन रात्री जागून निस्तरलं, बिल लावायचं तोंड नव्हतं. कार्डावरून एफआय गेलं ते तेव्हा.

एमआयडीसीतल्या एका सुरिमी कारखान्याचं काम ओळखीतून आलं. तिथले कोल्ड स्टोअरचे काका माझ्या आत्याच्या शेजारचे. सुरिमी म्हणजे मुख्यतः राणीमाशाचा खिमा. धुऊन, पाणी दाबून काढून, साखर मिसळून त्याच्या दहा-दहा किलोच्या लाद्या गोठवतात, दोन लाद्यांचं एक कार्टन. भाव ठरतो जेल स्ट्रेंग्थवर, आणि तो आकडा लॅबमधून येतो माल पॅक होऊन कोल्ड स्टोअरमध्ये गेल्यावर. म्हणजे खोका भरताना आत कुठला ग्रेड आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

मी पुण्याची सवय इथे आणली. तिकडे एम-आठ आणि एम-दहाचा बोल्ट म्हणजे दोन मटेरियल कोड, म्हणून इथे प्रत्येक ग्रेडला वेगळा कोड दिला. लॅबचा आकडा आला की ३०९ ची एंट्री मारून माल या कोडवरून त्या कोडवर. सीझनमध्ये अशा एंट्र्यांचा रोज ढीग, आणि घाईत क्लार्क बॅच नंबरही (एका वेळच्या मालाचा ओळख नंबर) नवा टाकायचा, म्हणजे मागचा माग तुटायचा.

मग खरेदीदाराचा ऑडिटर आला. युरोपात जाणाऱ्या दर्याच्या माशाला २०१० पासून कॅच सर्टिफिकेट लागतं, त्यात होडीचं नाव-नंबर असतो. त्याने एका कार्टनवर बोट ठेवून विचारलं, यातला मासा कुठल्या होड्यांचा? आमची सिस्टिम ३०९ च्या गुंत्यात अडकली. आत उणे अठराच्या थंडीत काकांची डायरी होती. बॉलपेनची शाई तिथे उतरत नाही म्हणून ते पेन्सिलने लिहितात. वीस मिनिटांत त्यांनी तीन होड्या सांगितल्या. आमचं उत्तर आलं दुसऱ्या दिवशी दुपारी.

"काय गो बाय, तुझा सॅप झोपला काय?" काका एवढंच म्हणाले. बोलण्यात खवचटपणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

१ जूनला मासेमारी बंद झाली, कारखाना रिकामा झाला. ते दोन महिने मी आणि माझा सावंतवाडीचा भागीदार तिथेच ठाण मांडून होतो. सगळ्या ग्रेडना एकच कोड केला. जेल स्ट्रेंग्थ, ओलावा, होड्यांचा लॉट हे सगळं बॅचच्या क्लासिफिकेशनमध्ये, म्हणजे त्या बॅचला चिकटलेल्या गुणांच्या यादीत, गेलं. क्यूएममध्ये यूसेज डिसिजन (माल पास की नापास हा निर्णय) झाला की आकडा आपोआप बॅचवर चढतो आणि ऑर्डरला माल शोधताना त्यावरूनच बॅच निवडली जाते. खरी धाकधूक बॅच लेव्हलची, म्हणजे बॅच नंबर कुठल्या हद्दीत एकमेव असतो त्या सेटिंगची, होती. ती प्लांटवर होती, त्यामुळे कारखाना आणि भाड्याचं कोल्ड स्टोअर या दोन प्लांटांत एकच नंबर दोन वेगळ्या मालांना बसू शकत होता. ती मटेरियल लेव्हलवर न्यायची तर क्लास टाइपही (त्या गुणांच्या यादीचा प्रकार) ०२२ चा ०२३ करायचा, आणि एकदा गेलं की प्लांट लेव्हलला परत येता येत नाही. टेस्ट सिस्टिमवर तीनदा करून पाहिलं, मगच हात घातला.

पुढचा फोन लोट्याहून, एका केमिकलवाल्यांचा. रिकव्हर केलेलं सॉल्व्हंट: टाकीत शंभर किलो, त्यातलं खरं चौऱ्याण्णव, दर बॅचला वेगळं. माशाचा वास नव्हता, बाकी दुखणं तेच. तिथल्या प्लांट मॅनेजरांनी आणखी कुणाला तरी "त्या बॅचवाल्या मॅडमना विचारा" म्हणून सांगितलं आणि ते नाव चिकटलं. आम्ही स्पेशलायझेशन निवडलं असं छातीठोक सांगता येणार नाही. दुसऱ्यांदा कुठल्या कामासाठी बोलावतात, ते पाहिलं आणि बाकीचं कार्डावरून खोडलं.

खोडणं मात्र महागात पडलं. एक मोठं एसडी रोलआउट नाकारलं तेव्हा भागीदार दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, आणि त्या वर्षी उत्पन्न उतरलंच. आता एसएपीच्या जुन्या आवृत्तीचा, ईसीसीचा, मुख्य मेंटेनन्स २०२७ अखेर संपतोय, म्हणून जो तो एस-फोर हाना या नव्या आवृत्तीवरच्या मायग्रेशनमागे आहे. आम्ही तिघं जण अख्खं मायग्रेशन काय उचलणार? त्यातला बॅचचा तुकडा तेवढा घेतो. आंबा कॅनिंगवाले एक ओळखीचे ब्रिक्सचं, म्हणजे रसातल्या गोडीच्या मापाचं, विचारायला आले होते. दोन महिन्यांचा सीझन आणि टॅलीवर सुरळीत चाललेला धंदा. त्यांना एसएपी घेऊ नका असं सांगितलं, फी म्हणून आंब्याची पेटी मिळाली.

१ ऑगस्टला बंदी उठली की पहिल्या मालाला मी स्वतः कारखान्यात जाते. काकांची डायरी चालूच आहे, पेन्सिलनेच. गेल्या सीझनला दोन्हीकडचा स्टॉक ताडून पाहिला, एका कार्टनचा फरक निघाला. फाटलेल्या लेबलाच्या जागी दुसरं छापलं होतं आणि पहिलं रद्द करायचं राहिलं होतं. डायरी बरोबर होती.