यंत्रमागांच्या गावातले चार गज

गड्ड्याची यात्रा संपून होम मैदानावरचे पाळणे उतरले, की सोलापूर पुन्हा आपल्या कामाला लागते. त्या सुमारास मी पुण्याहून संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने तिथे गेलो. निमित्त होते एका स्ट्रिंग क्वार्टेटच्या नव्या हंगामाचे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनचेच थोडे मोठे, खालच्या सुराचे भावंड) आणि एक चेलो (त्याहून बरेच मोठे) वाजवणारे हे चौघे मूळचे गोव्याचे आणि पुण्याचे. पण गेल्या वर्षापासून ते सोलापुरातच बिऱ्हाड करून राहिले आहेत. महिन्याला एक मैफल आणि आठवड्यातल्या दोन सकाळी शाळांमध्ये, असा त्यांचा क्रम आहे. मी गेलो होतो मैफलीसाठी. खरे तर त्याच दिवशीची सकाळ अधिक लक्षात राहिली.

शाळा पूर्व भागातली होती. खिडकीबाहेर यंत्रमागांची खटखट चालू होती आणि शिक्षक त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करत होते, तेवढ्यात चेलोवादकाने तारांवर फिरवायचा गज बाजूला ठेवून त्याच खटखटीच्या लयीवर बोटाने तार छेडायला सुरुवात केली. ‘ते मोठं बघ बे!’ असे कुणीतरी मागच्या रांगेतून ओरडले. इकडे व्हायोलावाल्या बाईंची तार ताणून धरणारी एक खुंटी सारखी सुटत होती, कारण कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि खुंटी भोकात सैल पडते. त्यांनी फळ्याखालचा खडू मागून घेतला, खुंटी उपसून तिला तो घासला, पुन्हा दाबून बसवली आणि सूर लावला. मुलांना ही दुरुस्ती वादनाइतकीच आवडली.

नातवाला सोडायला आलेल्या एक तेलुगू आजी दाराशीच थांबल्या होत्या. ‘बाबा, खांद्यावर का धरतो तू? आमच्याकडं खाली बसून पायावर टेकवतात,’ असे त्यांनी दुसऱ्या व्हायोलिनवादकाला विचारले. आजींचे म्हणणे चोख होते. कर्नाटक संगीतात वादक मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचे डोके उजव्या पावलावर टेकवतो; वाद्याचा भार पायावर गेला, की डावा हात गमकांसाठी, म्हणजे सूर आंदोलित करण्यासाठी, तारेवर मोकळेपणाने सरकू शकतो. हा खुलासा त्या तरुणानेच मुलांना केला आणि आजींना संध्याकाळचे आमंत्रण दिले.

संध्याकाळी ऑस्ट्रियन संगीतकार हायडनचे ओपस ७६ (त्याच्या रचनांच्या एका संचाचा क्रमांक) मधील तिसरे क्वार्टेट होते. त्याच्या दुसऱ्या भागातली धून हायडनने १७९७ मध्ये सम्राट फ्रान्झ यांच्यासाठी रचली होती. आज ती जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल आहे. या भागात मूळ धून जवळजवळ जशीच्या तशी राहते आणि हातोहात फिरते: आधी पहिल्या व्हायोलिनकडे, मग दुसऱ्याकडे, नंतर चेलोकडे, त्यानंतर व्हायोलाकडे आणि अखेरीस पुन्हा पहिल्याकडे. एरवी मधले सूर भरण्यात आयुष्य घालवणाऱ्या व्हायोलाची पाळी आली, तेव्हा सकाळची मुले एकमेकांना कोपराने ढोसू लागली. खडूची खुंटी त्यांनी ओळखली होती.

सभागृह रिकामे झाल्यावर दुसऱ्या व्हायोलिनवादकाने बूट काढले, तो मंचावर मांडी घालून बसला आणि व्हायोलिन पावलावर टेकवू लागला. वाद्य घसरले. आजींनी खाली वाकून त्याचा पाय धरला आणि दोन बोटे पुढे सरकवला.